बोट पुढे जातं तेव्हा

समोर फोन हातात धरून बसलेल्या ताई एकाच स्क्रीनवर अडकल्या, त्याला आता दोन मिनिटं होत आली होती. आरोग्य तपासणीसाठी वेळ नोंदवायचं अ‍ॅप होतं. ते लोकांच्या हातात देण्याआधी वापरायला जमतंय का, हे बघायला आम्ही ताईंना बोलावलं होतं. तारीख निवडून झाली होती, नाव टाइप करून झालं होतं, फक्त पुढे जायचं राहिलं होतं. पुढे जायचं बटण होतंही, पण कीबोर्ड उघडा असल्यामुळे त्याच्याखाली झाकलं गेलं होतं. ते तिथे मीच ठेवलं होतं. कीबोर्ड मिटला की बटण दिसतं, हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं की हे कुणाला माहीत नसेल, असा विचारच कधी मनात आला नव्हता. ताईंनी स्क्रीन वर सरकवली, खाली सरकवली, नाव पुसून पुन्हा लिहिलं. मग फोन जरा लांब धरून त्या म्हणाल्या, “माझंच काहीतरी चुकतंय.”

आणि माझं बोट पुढे गेलं. “हे बघा, कीबोर्ड असा खाली करायचा, की बटण दिसतं.” ताई म्हणाल्या, “अच्छा, असं आहे होय!” पुढचं सगळं मिनिटाभरात उरकलं. मी वहीत लिहिलं: थोडा वेळ लागला, पण जमलं.

ती वही अजून माझ्याकडे आहे आणि ती ओळ वाचली की आजही जीव चरकतो. जमलं नव्हतं, मी जमवून दिलं होतं. आपल्या घरात एकट्याने वेळ नोंदवणाऱ्या माणसाजवळ माझं बोट नसणार होतं. ते बटण तसंच राहिलं, अ‍ॅप लोकांच्या हातात गेलं आणि पहिल्या आठवड्यातल्या तक्रारींत ‘नाव टाकल्यावर पुढे जाता येत नाही’ ही तक्रार सगळ्यात जास्त वेळा आली. ती मला तीन महिने आधी, एका टेबलाशी बसून, फुकट कळली होती. मीच ती बोटाने पुसून टाकली होती.

‘युजर टेस्टिंग, म्हणजे वापरणाऱ्यांना बसवून असं तपासून बघणं, आम्हाला परवडत नाही’ हे वाक्य त्याआधी मीही कित्येकदा म्हटलेलं आहे. टेस्टिंग म्हटलं की डोळ्यांसमोर प्रयोगशाळा यायची: एका बाजूनेच दिसणारी काच, पलीकडे टिपणं घेत बसलेले तज्ज्ञ, नजर कुठे फिरते ते टिपणारं यंत्र, शेवटी जाडजूड अहवाल. 1980 च्या दशकात मोठ्या संगणक कंपन्यांमध्ये अशा प्रयोगशाळा होत्याच. स्क्रीन वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी 1989 मध्ये त्याला पर्याय मांडला, तो असा: मोजकी माणसं घ्या, साधा प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना, करा, त्यांना मोठ्याने बोलत काम करायला सांगा आणि काही ठरावीक निकषांवर आपली स्क्रीन आपणही तपासा. त्यांनी या पद्धतीला ‘डिस्काउंट’ असंच नाव दिलं होतं. साहित्य म्हणाल तर एक टेबल, एक फोन, एक माणूस आणि अर्धा तास. या सगळ्यात मला जड गेलं ते गप्प बसणं.

म्हणून त्याबद्दलच आधी सांगते. मी आता समोर बसत नाही, किंचित मागे आणि बाजूला बसते. समोर बसलं की माणूस स्क्रीनपेक्षा आपल्या चेहऱ्याकडे जास्त बघतो आणि आपली भुवई जरा हलली तरी त्याला उत्तर मिळतं. एका हातात वही, दुसऱ्यात पेन, म्हणजे बोट मोकळं राहत नाही. माणूस अडला की मनात वीसपर्यंत मोजते. वीस आकडे फार लांब असतात. पण खरं काय ते बहुतेक वेळा बारा ते अठराच्या मध्ये कळतं. तेवढ्यात माणूस काहीतरी करून बघतो, मागे जातो, भलत्याच चिन्हावर दाबतो किंवा स्वतःशीच पुटपुटतो. “इथे दाबू का?” असं विचारलं तर मी म्हणते, “मी इथे नसते, तर तुम्ही काय केलं असतं?” पहिल्यांदा हे फार तुटक वाटतं. पण सुरुवातीलाच सांगून ठेवलं की लोक समजून घेतात. माझं सुरुवातीचं वाक्य ठरलेलं आहे: “आज परीक्षा या अ‍ॅपची आहे, तुमची नाही. तुम्ही जिथे अडाल, तिथेच आम्हाला काम करायचंय. मी मध्ये मध्ये गप्प राहीन, त्याचा राग मानू नका.” काही जण सल्ला देतात की, ‘हे मी बनवलेलं नाही’ असं सांगावं, म्हणजे लोक मोकळेपणाने बोलतात. मला ते पटत नाही. ज्याच्याकडून खरं ऐकायचंय, त्याच्याशी पहिल्याच वाक्यात खोटं बोलायचं, हे माझ्याच्याने होत नाही.

मोठ्याने बोलत काम करायला सांगण्यामागे जुनं संशोधन आहे. माणसाच्या विचारप्रक्रियेचे अभ्यासक अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी 1980 मध्ये दाखवून दिलं की काम करता करता मनात जे चाललंय ते माणूस बोलून दाखवतो तेव्हा ते बऱ्यापैकी भरवशाचं असतं, पण ‘का’ विचारलं की तो कारण रचायला लागतो. आयबीएम या संगणक कंपनीत क्लेटन लुइस यांनी 1982 मध्ये हीच रीत संगणकाच्या स्क्रीन तपासायला आणली. मला याचा रोजच्या कामात झालेला उपयोग एवढाच, की मी ‘का’ हा शब्द टाकून दिला. “असं का केलंत?” म्हटलं की माणूस सावध होतो, जणू त्याला जाब विचारलाय. “आत्ता काय बघताय?”, “दाबल्यावर काय होईल असं वाटलं होतं?” या दोन प्रश्नांवर माझी अख्खी सकाळ निघते.

“माझंच चुकतंय” हे वाक्य मात्र अजून प्रत्येक वेळी ऐकू येतं. शिकलेली माणसं म्हणतात, न शिकलेली म्हणतात, तरुण म्हणतात. ते ऐकलं की मला मानववंशशास्त्रज्ञ लूसी सचमन यांचं चित्रीकरण आठवतं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात त्यांनी एका नव्या फोटोकॉपी यंत्रासमोर दोघांना उभं करून कॅमेरा लावला. यंत्राशी झटापट करूनही त्या दोघांना हवी तशी प्रत काढता येईना. त्यातले एक होते अ‍ॅलन न्यूवेल, कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, आणि दुसरे रॉन कॅप्लन, संगणकीय भाषाविज्ञानातले जाणकार. त्यांना जमत नसेल, तर चूक वापरणाऱ्याची आहे असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? हे मी टेस्टिंगला आलेल्या माणसाला सांगत नाही, त्या वेळी ते समजूत काढल्यासारखं वाटेल. स्वतःला मात्र सांगते, दर वेळी.

गप्प बसणं जमायला लागल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली. मी तोंडाने सांगत नव्हते, पण कागदावर सांगत होते. टेस्टिंगमध्ये माणसाला एखादं काम द्यायचं असतं. माझ्या कागदावर काम होतं: ‘नोंदणी रद्द करून दाखवा.’ स्क्रीनवर बटण होतं: ‘नोंदणी रद्द करा.’ पाचही जणांनी काही सेकंदांत करून दाखवलं आणि आम्ही खूश. खरं तर आम्ही त्यांना दोन सारखे शब्द जुळवायला लावले होते, एवढंच. नंतर काम बदलून असं लिहिलं: ‘तपासणीच्या दिवशी तुम्हाला अचानक परगावी जावं लागतंय. काय कराल?’ आता पाचांपैकी तिघांनी फोन नंबर शोधला. एकजण तारीख बदलता येते का ते बघत बसला. पाचवा शांतपणे म्हणाला, “काही नाही करणार. नाही गेलं की झालं.” त्या उत्तरावर आमच्या टीमची दुपार गेली. बटणाचा रंग कोणता असावा, यावर आम्ही आठवडाभर बोलत होतो. इथे माणसाच्या मनात ‘रद्द करणं’ नावाचं कामच नव्हतं. मग आदल्या दिवशी जाणाऱ्या आठवणीच्या संदेशातच ‘येणार / येऊ शकणार नाही’ असे दोन पर्याय दिले. हे एका वाक्याच्या बदलातून निघालं, आणि त्याला खर्च काही आला नाही.

शब्दांबद्दल अजून थोडं. ‘सादर करा’ हे आपल्या सगळ्या मराठी फॉर्मच्या तळाशी बसलेलं बटण. एका आजोबांनी त्यावर बोट नेलं आणि थांबले. “सादर म्हणजे? कार्यक्रम सादर करतात तसं? कुणापुढे?” त्यांनी मनापासून विचारलं होतं. आम्ही ‘पाठवा’ केलं आणि तो प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही. अ‍ॅपलच्या लिसा संगणकावर काम चाललं होतं, तेव्हाचा किस्सा याच जातीचा आहे. लॅरी टेस्लर यांनी बाहेरच्या लोकांना बसवून चाचण्या घेतल्या. एका चौकटीत ‘डू इट’, म्हणजे ‘करा’, असं बटण होतं. त्या अक्षरवळणात दोन शब्दांमधली जागा इतकी थोडी आणि मोठा आय लहान एलसारखा इतका दिसायचा, की एकाने ते ‘डोल्ट’ असं वाचलं. डोल्ट म्हणजे ठोंब्या. संगणक मला ठोंब्या का म्हणतोय, असं वाटून तो माणूस चिडला. त्यानंतर ते बटण ‘ओके’ झालं, आणि आज कुठल्याही संगणकावर दिसतं. बनवणाऱ्या हुशार लोकांच्या डोळ्यांना ते महिनोन्‌महिने ‘डू इट’च दिसत राहिलं असणार, कारण त्यांना तिथे काय लिहिलंय ते आधीच माहीत होतं.

स्वस्त पद्धतींमध्ये माझा जीव कशात असेल तर तो कागदात. एका पानावर एक स्क्रीन, हाताने काढलेली. खाली उघडणाऱ्या यादीसाठी वेगळी पट्टी, चूक झाल्याचा संदेश दाखवायला चिकट चिठ्ठी. एक सहकारी ‘संगणक’ होतो: समोरच्याने कागदावर बोट टेकवलं की तो न बोलता पुढचं पान ठेवतो. पहिली दोन मिनिटं सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं, मग माणूस खरोखरच कागदाशी बोलायला लागतो. मी कागदावर येते ती केवळ वेळ वाचतो म्हणून नाही. रंगवून, घासूनपुसून तयार केलेल्या स्क्रीनवर लोक ‘छान आहे’ म्हणतात. कुणीतरी एवढी मेहनत घेतलीय, तिला नाव कसं ठेवायचं, हा साधा सभ्यपणा आड येतो. कागदावरची रेघ वाकडी असली की तो संकोच गळून पडतो. एका गृहस्थांनी माझ्या हातातलं पेन मागून घेतलं, मी काढलेल्या महिन्याच्या कॅलेंडरवर सरळ फुली मारली आणि बाजूला चार चौकोन काढले. “मला महिना नको. पुढच्या चार दिवसांत कधी जागा आहे तेवढं दाखवा.” तयार स्क्रीनवर हे त्यांनी कधीच केलं नसतं. त्या चार चौकोनांचा फोटो अजून माझ्या टेबलासमोर लावलेला आहे, कारण शेवटी अ‍ॅपमध्ये तेच गेले.

कागदही नसला तरी चालतं, याचं प्रसिद्ध उदाहरण जेफ हॉकिन्स यांचं. 1996 मध्ये आलेल्या पाम पायलट या हातात मावणाऱ्या संगणकाआधी ते त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन हिंडत. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा, त्यावर लिहिल्यासारखं करायचं आणि परत खिशात ठेवायचा. खिशातून काढावासा वाटतो का, केव्हा काढावासा वाटतो, हे त्यांना ठोकळ्याने सांगितलं. आयबीएममध्ये जॉन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर अजून कुणी बनवूच शकत नव्हतं असं यंत्र तपासलं: तुम्ही बोलायचं आणि यंत्राने टाइप करायचं. 1983 मध्ये त्यांनी त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोलणाऱ्यासमोर स्क्रीनवर अक्षरं उमटत होती, पण ती टाइप करत होती दुसऱ्या खोलीत बसलेली व्यक्ती. याच गूल्ड यांच्या टीमने 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधल्या खेळाडूंसाठी आवाजी निरोपांची व्यवस्था बनवली. तीही आधी कागदावर लिहून लोकांपुढे ठेवली, मग येण्या-जाण्याच्या वाटेवर मांडून जो थांबेल त्याचं मत घेतलं. कॉरिडॉरमध्ये कुणाला तरी थांबवून ‘पाच मिनिटं आहेत का?’ विचारणं ही आळशी लोकांची पळवाट आहे असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

कॉरिडॉरमध्ये कुणाला थांबवायचं, हे मात्र जपून ठरवावं. ज्याने त्या कामाची एक बैठक जरी ऐकली असेल, तो बाद. त्याला आपल्या शब्दांची ओळख झालेली असते. हिशेब विभागातली, स्वागतकक्षातली, दुसऱ्या मजल्यावरच्या भलत्याच कंपनीतली माणसं चालतात, जर अ‍ॅप सगळ्यांसाठी असेल तर. नर्ससाठी केलेली स्क्रीन नर्सकडेच न्यावी लागते, तिथे कॉरिडॉर उपयोगाचा नाही.

आता किती जण, हा प्रश्न. निल्सन आणि थॉमस लँडॉअर यांनी 1993 मध्ये काढलेलं गणित असं: एका माणसाला सरासरी 31 टक्के अडचणी दिसतात, असं धरलं, तर दोघांत साधारण 52 टक्के होतात, तिघांत 67 आणि पाचांत 85 च्या आसपास. पुढे प्रत्येक नवा माणूस बहुतेक जुनंच दाखवतो. म्हणून पंधरा माणसं मिळणार असतील तर पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा आणि मधल्या काळात दुरुस्ती करा, असं निल्सन सांगतात. हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पण ‘पाच पुरतात’ एवढंच ऐकून थांबणाऱ्यांची मला काळजी वाटते. 31 हा आकडा सरासरी आहे, तुमच्या अ‍ॅपचा नाही. लॉरा फॉकनर यांनी 2003 मध्ये 60 जणांच्या चाचणीतून पाच-पाच जणांचे गट पुन्हा पुन्हा काढून पाहिले. एखाद्या गटाला 99 टक्के अडचणी सापडल्या, तर एखाद्याला फक्त 55. आपल्या वाट्याला कुठला गट आलाय, हे कधीच कळत नाही. रॉल्फ मोलिक यांनी 1990 च्या दशकाच्या शेवटी एकच ई-मेल सेवा नऊ टीमना वेगवेगळी तपासायला दिली. मिळून 310 अडचणी निघाल्या आणि त्यातल्या तीन चतुर्थांश अशा होत्या, की त्या एकाच टीमला दिसल्या होत्या.

याने हिंमत खचू नये. मला यातून उलट मोकळं वाटलं. एकाच चाचणीत सगळं सापडायला हवं, हे ओझं गेलं. याच विषयावर लिहिणारे स्टीव्ह क्रुग महिन्यातली एक सकाळ आणि तीन माणसं एवढंच मागतात, आम्ही तेच धरून चालतो. आणि पाचातल्या चौघांना जमलं की अहवालात ‘80 टक्के’ लिहायचं नाही, हा आमच्याकडे नियम आहे. ‘पाचांपैकी चार’ असंच लिहायचं. टक्केवारी लिहिली की बैठकीत त्यामागची माणसं दिसेनाशी होतात, आणि तो पाचवा तर आधी.

नोंदींसाठी पानावर दोन उभ्या रेघा मारते. डावीकडे काय झालं, मधे काय म्हणाले, उजवीकडे मला काय वाटलं. तिसरा रकाना वेगळा ठेवला नाही तर तो हळूच पहिल्या दोनात शिरतो. ‘गोंधळले’ हे माझं मत झालं. ‘दोनदा मागे गेले, मग फोन टेबलावर ठेवला’ हे घडलेलं आहे. फोनमधलंच स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करते, बोटांची हालचाल हवी असेल तर पुस्तकांच्या चळतीवर दुसरा फोन उपडा ठेवते. त्याआधी परवानगी विचारते, काय टिपणार, कोण बघणार, कधी पुसणार ते सांगते, आणि टाइप करायला खोटं नाव, खोटा नंबर देते. एकदा एका बाईंनी सवयीने स्वतःचा खरा पासवर्ड टाइप केला होता. ते रेकॉर्डिंग त्यांच्यासमोरच पुसलं. दूरच्या माणसाबरोबर व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करूनही हे सगळं होतं. फक्त फोन हातात कसा धरलाय ते दिसत नाही आणि मला त्याची चुटपुट लागते.

एक चूक मला फार उशिरा कळली. फोनमधलं टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, चालू करून, डोळे मिटून मी आमचं अ‍ॅप वापरून पाहिलं होतं आणि ‘दृष्टिहीनांसाठी ठीक’ अशी खूण केली होती. मग खरोखर न दिसणारे एक गृहस्थ आले. त्यांच्या फोनचा आवाज इतक्या वेगाने धावत होता की मला एक शब्द कळेना. ते ओळीमागून ओळ ऐकतच नव्हते, एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकावर उड्या मारत होते, आपण पान नजरेने चाळतो तसं. आमच्या स्क्रीनवर त्यांना एकही शीर्षक सापडेना. दिसायला होती, पण आम्ही नुसती अक्षरं ठळक केली होती. फोनच्या लेखी तो साधा मजकूर होता. डेव्हलपर माझ्या शेजारीच बसला होता. तो काही बोलला नाही, संध्याकाळपर्यंत त्याने सगळी शीर्षकं नीट बांधली. मी त्याला लेखी कळवलं असतं तर ते कामांच्या यादीत तळाशी गेलं असतं. म्हणून आता प्रत्येक सकाळी टीममधलं कुणीतरी बसतंच, आळीपाळीने. त्यांनाही हातात वही आणि पेन देते.

येणाऱ्यांच्या वेळेचं मोल द्यावं, असं मला वाटतं. पद्धत स्वस्त आहे म्हणून समोरचा माणूस स्वस्त होत नाही. कबूल केलेला अर्धा तास झाला की काम अर्धवट असलं तरी थांबते.

त्या पहिल्या ताई मागच्या महिन्यात पुन्हा आल्या होत्या. बटण आता कीबोर्डच्या वर सरकतं, तिथे त्या थांबल्या नाहीत. पुढच्या स्क्रीनवर थांबल्या. मोबाइल नंबरच्या चौकटीत त्यांनी दर दोन आकड्यांनंतर जागा सोडली आणि अ‍ॅप ‘नंबर चुकीचा आहे’ म्हणालं. मी मोजायला लागले. चौदाव्या आकड्याला त्या म्हणाल्या, “नंबर तर माझाच आहे, चुकीचा कसा असेल?” या वेळी त्यांनी स्वतःला बोल लावला नव्हता. मी मधल्या रकान्यात ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

उद्या सकाळी तिघं येणार आहेत. पानांवर रेघा मारून झाल्या, फोन चार्ज झालाय, रिकाम्या जागा चालवून घेणारी चौकट डेव्हलपरने दुपारीच बसवली. फक्त दुसऱ्या कामाच्या वाक्यात मी ‘पत्ता बदला’ असं लिहिलंय आणि बटणावरही तेच आहे. ते खोडून आत्ता असं लिहिते: ‘तुम्ही नवीन घरात राहायला गेलात. तपासणीचे अहवाल यापुढे तिकडे यायला हवेत.’